चारशे तेरा दिवस

मालवणातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला होता कागद.
चारशे तेरा दिवसांची फेरी.
वाट अकरा अंशांनी कलती,
ओहोटीला पुळणीवर टेकलेली होडी कलते तेवढी.
सूर्याजवळ येताना शुक्राच्या परड्यापर्यंत,
लांब जाताना मंगळाच्या गडग्याला हात लावून माघारी.
आकार दोनशे मीटर,
म्हणजे शाळेपासून भाटातल्या विहिरीपर्यंत.
नाव नाही. सालाचा आकडा, दोन इंग्रजी अक्षरं, पुन्हा आकडा,
होडीच्या नंबरासारखं.

शेऱ्याच्या रकान्यात: धोक्याचा ठरू शकेल असा.
सातवीतल्या साईलने तेवढंच वाचलं
आणि मधल्या सुट्टीत वाडीभर केलं.

रात्री साडेआठला पुळणीवर साठ-सत्तर माणसं.
जयवंती कुबल सुकत घातलेल्या गोलम्यावर जाळं टाकून आली.
"बाई, पडतलो काय तो?"
नाही. चंद्र आहे त्याच्या सतरापट लांबून जाईल.
"मगे दिसतलो?"
नाही. आपल्या दुर्बिणीतून नाही.
"मगे आमी बगतव काय?"

बरोबर होतं तिचं.
मी शाळेची दुर्बीण तो असायला हवा त्या जागी लावली.
एकेकाने डोळा लावला:
काळोख, तीन बारीक तारे, मध्ये थोडी जागा.
कोणी हसलं नाही.
पोरं रांगेत दुसऱ्यांदा उभी राहिली.

साडेआठ वर्षांनी एकदा पृथ्वी त्याला गाठते.
मागच्या वेळी तो असाच गेला, तेव्हा कुणाला ठाऊकही नव्हता.
तेव्हा शाळेला मागची भिंत होती,
भिंतीमागे सुरूची दुहेरी रांग,
रांगेपलीकडे कबड्डीचं मैदान.
आता दर अमावास्येला मी मुलांकडून टेप धरून घेते,
विहिरीपासून भरतीच्या खुणेपर्यंत.
एकसष्ट. चोपन्न.
सत्तेचाळीस मीटर आणि थोडं.
या वहीला शेऱ्याचा रकाना नाही.
पुढच्या फेरीला मी निवृत्त असेन.
विहिरीचं पाणी गोडं असेल का, ते कागदात नाही.

फटू तारी सगळ्यांत शेवटी आले. डोळा लावला नाही.
"दोर खय त्याचो?"
मी सांगितलं, दोर नसतो. तो सूर्याकडे सारखा पडत असतो,
पण बाजूला इतका धावतो की चुकतो. दर वेळी चुकतो.
त्यांनी विडी विझवली.
"म्हणजे पडता."
हो. पडतोच आहे.
"मगे पोरांका नाय म्हणान कित्याक सांगलास?"

झोप आली नाही.
पहाटे चारला रापणीची होडी लोटली.
दोराचं एक टोक माणसांच्या हाती ठेवून
ती काळोखात गेली, वळली,
जाळं सोडत सोडत
पार खालच्या अंगाला पुन्हा किनाऱ्याला लागली.
दोन्हीकडे वीस-वीस माणसं.
आमच्या बाजूला एक कमी.
"बाई, धरा."

धरला. ओला काथ्या, तळव्याला चावणारा.
जाळं कुठे आहे ते दिसत नव्हतं,
पाणी काळं, सपाट, काहीच घडत नसल्यासारखं.
ओढ मात्र होती.
पाय वाळूत रुतत होते आणि कुणीतरी
लांबून, न घाई करता,
मला आपल्याकडे घेत होतं.

उजाडता उजाडता आलं ते बहुतेक पेडवे,
मूठभर मोतके,
हात तुटलेली एक निळी प्लास्टिकची खुर्ची.
ती साईलने शाळेसाठी मागून घेतली.

वाटा पडला. मला नऊ पेडवे.
पिशवी नव्हती, कमरेला खोचलेला कागद होता.
झेरॉक्सवाल्याची शाई कच्ची;
घरी येईपर्यंत खवल्यांच्या ओलीने
पुढच्या भेटीची तारीख पुसली,
अकरा अंश पुसले, शुक्र, मंगळ.
शेरा वाचता येत होता अजून.
मांजर पायांत घोटाळत होतं.
मी विळी घेतली.